व्याही गिटार शिकतात

आजवर या जगात जितक्या माणसांनी गिटार हातात घेतली असेल, त्यांत आमच्या व्याह्यांइतका त्या वाद्याला न शोभणारा माणूस एकही झाला नसेल, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आणि त्यांच्याइतकं ते वाद्य कुणी मनावर घेतलं नसेल, हेही त्याच शपथेत घालायला तयार आहे. आमचे व्याही म्हणजे दारातून आत येताना थोडे तिरके होणारे गृहस्थ. न्हावा शेव्याच्या बंदरावर त्यांनी अठ्ठावीस वर्षं क्रेन चालवली. बारा मजली इमारतीच्या उंचीवर, काचेच्या खोलीत बसून जहाजातले खोलीएवढे लोखंडी डबे उचलायचे आणि खाली उभ्या ट्रेलरवर अंडं ठेवावं तसे अलगद ठेवायचे, हे त्यांचं काम. त्यांचा पंजा उघडला की केळ्यांची फणी समोर धरल्यासारखं वाटतं. मी पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा, वजनाने त्यांच्या निम्मा माणूस. त्यांच्या मुलाने आणि माझ्या मुलीने एकमेकांना पसंत केलं, लग्न केलं आणि दोघं हैदराबादला निघून गेली. मागे पनवेलात आम्ही दोन म्हातारी जोडपी एकमेकांच्या वाट्याला आलो.

गेल्या वर्षी एका दुपारी ते स्कूटरवरून आले, पाठीला काळी लांबलचक पिशवी. सोसायटीच्या वॉचमनने त्यांना खालीच अडवलं, कारण त्या पाठीवर ती पिशवी गिटारीची वाटतच नव्हती; त्यात कुदळ, बंदूक, काहीही असू शकलं असतं. वर येऊन ते सोफ्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “याही, गिटार घेतली. उद्यापासना क्लास हाय.” व्याही या शब्दाचं त्यांच्या बोलीतलं रूप ‘याही’, आणि त्यांनी मला दुसऱ्या कुठल्या नावाने कधी हाक मारलेली नाही.

“कोणासाठी घेतली?” मी विचारलं.

“माज्यासाठी. आनि कोनासाठी?”

आता आपल्याकडे व्याह्यांशी कसं वागावं याचे काही अलिखित नियम आहेत. व्याह्यांनी केलेला चहा गोड असतो, व्याह्यांनी सांगितलेला रस्ता जवळचा असतो आणि व्याह्यांनी वाजवलेलं वाद्य सुरात असतं. मी “वा वा” म्हणालो. हे दोन शब्द मला फार महागात पडले, कारण त्यानंतर रोज दुपारी चार ते पाच ते आमच्याकडे सरावाला येऊ लागले. स्वतःचं प्रशस्त घर आणि त्यापुढे अंगण असताना या माणसाला आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये येऊन का वाजवायचंय, हे मला बरेच दिवस कळलं नाही. आमची ही म्हणायची, “त्यांच्या घरून हाकललं असेल.”

पहिले दोन महिने पिकचे गेले. पिक म्हणजे तार छेडायची ती प्लॅस्टिकची तिकोनी चकती. रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी असते म्हणतात, पण व्याह्यांच्या बोटांत गेली की ती दिसतच नसे. ते नुसतेच चिमूट धरून बसल्यासारखे वाटत. तारेवर दुसरा-तिसरा फटका बसला की ती चकती सुटायची आणि बरोबर गिटारीच्या पोटातल्या भोकात जायची. मग ते उठून उभे राहायचे, गिटार डोक्यावर उलटी धरायचे आणि गदागदा हलवायचे. त्या हलवण्यातून आमच्या हॉलमध्ये आजवर पडलेल्या वस्तू अशा: चौदा पिका, भाजलेले शेंगदाणे, स्कूटरच्या पार्किंगची पावती आणि माझ्या शर्टाचं एक बटण, जे तिथे कसं गेलं याचा उलगडा आजही झालेला नाही. पिका संपू लागल्या तेव्हा ते घरीच कापू लागले. मिळेल त्या प्लॅस्टिकवर त्यांची नजर असे. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण, जुनं ओळखपत्र, शॅम्पूच्या बाटलीचा बाजूचा भाग, सगळ्याच्या पिका कापून त्यांनी त्या वाजवून पाहिल्या. “श्रीखंडाचा आवाज सगल्यात मऊ,” असा निकाल त्यांनी दिला, आणि त्या महिन्यात आमच्या घरी न मागता तीन वेळा श्रीखंड आलं. झाकणाशिवाय.

एक गोष्ट मात्र त्यांना क्लासातल्या कुणाहीपेक्षा लवकर जमली. नव्या माणसाला तार वरून खाली मारता येते. पण हात परत वर नेतानाही तिला छेडायचं, म्हणजे एकदा खाली, एकदा वर, न चुकता आलटून पालटून, इथे भले भले अडखळतात. हात आपोआप दोनदा खालीच येतो. गिटारच्या मॅडमनी वर्गाला हे समजावून सांगताना फळ्यावर बाण काढले, टाळ्या वाजवल्या, तरी मुलांच्या डोक्यात उजेड पडेना. तेव्हा मागच्या बाकावरून आमचे व्याही म्हणाले, “मॅडम, ह्यो बंदराचाच कायदा हाय. जाताना एक डबा उतरवायचा, परत फिरताना एक डबा उचलायचा. रिकामी फेरी नाय मारायची.” आणि त्यांनी लगेच वाजवून दाखवलं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी फळ्यावरचे बाण पुसून दोन डबे काढले. ही हकीकत व्याह्यांनी मला अकरा वेळा सांगितली आहे आणि दर वेळी त्यातली मुलं वाढत गेली आहेत.

मॅडमचं वय चोवीस. नवीन पनवेलात एका औषधाच्या दुकानावर त्यांचा क्लास आहे. वर्गातला सगळ्यात मोठा विद्यार्थी नववीतला, आणि त्याच्यानंतर थेट आमचे व्याही. मॅडम वर्गात आल्या की बाकीची मुलं मोबाईलात बघत राहत आणि हे एकटे उठून उभे राहत, त्यामुळे फळा झाकला जाई. प्रवेशाच्या अर्जात एक रकाना होता, ‘पालकाचे नाव व फोन नंबर’. तो रकाना मोकळा सोडणं व्याह्यांच्या शिस्तीत बसेना. वडील जाऊन तीस वर्षं झालेली. त्यांनी माझं नाव आणि माझा नंबर लिहिला.

तेव्हापासून क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर मी आहे. रोज सकाळी मला मेसेज येतो. “पाल्याने काल किती मिनिटे सराव केला, कळवावे.” “पालकांनी पाल्याच्या डाव्या हाताची नखे कापलेली आहेत का ते स्वतः पाहावे.” हा दुसरा मेसेज आला त्या दुपारी मी चष्मा लावून व्याह्यांची नखं तपासली. त्यांनी दोन्ही हात निमूटपणे पुढे केले. डाव्या हाताची कापलेली होती. उजव्या हाताची मात्र चांगली वाढलेली होती, आणि हाच पुढच्या संकटाचा आरंभ होता.

पिकच्या नंतर बोटांचा धडा सुरू झाला होता. अंगठ्याने जाड तारा, पुढच्या तीन बोटांनी बारीक तारा, एकेक करून उचलायच्या. नखाने उचलली की आवाज स्वच्छ येतो, असं मॅडम जाता जाता बोलून गेल्या आणि व्याह्यांनी उजव्या हाताची नखं राखायला घेतली. नुसती राखली नाहीत, त्यांना खोबरेल लावलं, बारीक कानसेने गोल केलं. त्यांच्या गावातल्या लोकांनी चावडीवर विषय काढला. विहीणबाईंनी जाहीर केलं की असल्या हाताने जेवायला बसाल तर ताट वाढणार नाही. त्यावर व्याह्यांनी चमच्याने जेवायला सुरुवात केली. रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा ओल्या बोंबलाचं कालवण चमच्याने खाणारा आगरी माणूस मी पहिल्यांदा पाहिला. बोंबील चमच्यातून निसटत होता, हे त्याच्यामागे ताटभर फिरत होते, आणि विहीणबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पुढे सिलिंडर बसवताना मधल्या बोटाचं नख मोडलं, तेव्हा ते तुकडा कागदात गुंडाळून मला दाखवायला आले. मला सांत्वनाचे शब्द सुचेनात. आपण अशा प्रसंगासाठी काही तयार ठेवलेलं नसतं.

डाव्या हाताला वेगळा व्यायाम होता. चार बोटं एकामागून एक तारेवर टेकवत न्यायची, कोळी चालतो तशी. हे इतकं अंगात भिनलं की टेबल असो, स्कूटरचं हँडल असो, व्याह्यांची बोटं चालू. आमच्या सोसायटीतले एक वयस्क गृहस्थ वारले, तेव्हा व्याही माझ्याबरोबर भेटायला आले होते. त्यांनी त्या गृहस्थांच्या भावाच्या खांद्यावर डावा हात ठेवला आणि मी पाहिलं, पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण ते गंभीरपणे खाली बघत होते. पुढे तो भाऊ मला बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, “तुमचे ते व्याही फार मायाळू. खांद्यावर कसं थोपटत होते!”

अशात पालकसभा आली. मी जाणार नव्हतो. पण ‘गैरहजर पालकांच्या पाल्यास पुढील धडा मिळणार नाही’ असा मेसेज होता, आणि व्याह्यांनी तो वाचून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी माझ्या मुलीच्या डोळ्यांत ती तिसरीत असताना शेवटची पाहिली होती. गेलो. लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन तरुण आयांच्या मध्ये बसलो. एकीने हसून विचारलं, “तुमचा कितवीत?”

“रिटायर्ड,” मी म्हणालो.

माझा नंबर आला. मॅडम जरा संकोचल्या होत्या. म्हणाल्या, “काका, तो... सॉरी, ते... एकेक तार छेडण्यात सगळ्या मुलांच्या पुढे आहेत. पण कॉर्ड घ्यायलाच तयार नाहीत. बाकीची मुलं कॉर्डवर गाणी वाजवायला लागली. मी त्यांना म्हटलं, चार कॉर्ड आल्या की कुठलंही गाणं वाजवता येईल. तर म्हणाले, मला कुठलंही गाणं नको हाय. तुम्ही घरी जरा समजावून सांगा ना.”

कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम, हे मला एव्हाना कळलं होतं. बाहेर पडलो तर व्याही खाली स्कूटरवर निकालाची वाट बघत बसलेले. मी म्हटलं, चला, जरा तळ्यावर बसू. जुन्या पनवेलच्या तळ्याकाठी बाकावर बसून मी पालकाच्या आवाजात सुरुवात केली, “तुम्ही कॉर्ड का वाजवत नाही?”

ते पाण्याकडे बघत म्हणाले, “याही, तुमच्या विहिनीला तुमी कधी गाताना ऐकलाय?”

मी नाही म्हणालो. खरोखरच ऐकलं नव्हतं.

“ती धवलारीन हाय. आमच्या लग्नाला भटजी नंतर येतो, आदी धवलारीन लागते. हलद दलायला बसल्यापासना नवरी निघंपर्यंत तिचं गानं, त्योच धवला. पन धवला एकटीचा नसतो. एकीनं ओल म्हनायची, दुसरीनं तीच मागनं उचलायची. तवर पयलीला दम खाता येतो, पुढचा आठवता येतो. हिच्या मागनं माजी बाय उचलायची. माजी मोटी बहीन. पंचवीस वर्सं दोघींनी आजूबाजूच्या सगल्या गावांची लग्नं लावली. चार वर्सांमागं बाय गेली, आनि हिनं तोंड मिटला. आवो, सवताच्या पोराच्या लग्नात गायली नाय. तुमच्यासमोर डीजे लावला आमी.”

मला ते लग्न आठवलं. माझ्या छातीत तो डीजे दोन दिवस धडधडत होता. विहीणबाई एका खुर्चीत बसून पाहुण्यांना नमस्कार करत होत्या.

“मी उचलून बघितली असती,” ते म्हणाले, “पन माजा आवाज तुमाला म्हाईत हाय. पलस्प्याच्या फाट्यावर ट्रेलर हॉर्न मारतो तसा. म्हनून म्हटला, वाजवून उचलू. आता मागनं उचलायचं तर एकेक सूरच पायजे ना? चार सुरांचा गठ्ठा काय करू?”

आमच्या घरी ते चार ते पाच काय वाजवत होते, ते मला त्या बाकावर कळलं. विहीणबाईंना धवल्याचा पत्ता लागू नये म्हणून ते आमच्याकडे येत. क्लासचा धडा झाला की शेवटची वीस मिनिटं ते डोळे मिटून एका तारेवर काहीतरी शोधत बसत. दोन सूर सापडत, तिसरा निसटे, परत पहिल्यापासून. आम्ही दोघं ते त्यांचं चुकणं समजत होतो. तीन महिन्यांत त्यांनी एका धवल्याच्या चार ओळी अशा वेचून काढल्या होत्या. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आमची ही पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, “म्हणजे हे?” आणि तिने चारही ओळींची चाल गुणगुणून दाखवली. तिला ती केव्हाच पाठ झाली होती. कॉर्डचं मॅडमना मीच कळवलं: “पाल्याशी बोललो. पाल्याचे बरोबर आहे.”

परीक्षेची वेळ मार्गशीर्षात आली. गेलेल्या बहिणीच्या नातीचं लग्न ठरलं. बहिणीची मुलगी, म्हणजे नवरीची आई, स्वतः मामीला सांगायला आली, “मामी, माज्या पोरीला तुमी गायचं.” विहीणबाईंनी तिला जवळ घेतलं, साडी दिली आणि नाही म्हणून सांगितलं. “एकटीनं नाय व्हायचं गो.”

मांडवाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिथे पोचलो. अंगणात हिरवा मांडव, एका बाजूला साऊंडवाला त्याचे खोके रचतोय, मधोमध जातं मांडलेलं आणि भोवती दहा-पंधरा बायका हळदीची कुंडी घेऊन बसलेल्या. जात्यावर हात ठेवून त्या थांबल्या होत्या, कारण गाण्याशिवाय दळायला कुणाचा हात चालत नव्हता, आणि गाणं कुणाला पुरतं येत नव्हतं. विहीणबाई कडेला बसून नारळाला कुंकू लावत होत्या. तेवढ्यात आमचे व्याही पांढऱ्या शर्टात, गिटार घेऊन आले आणि बायकांच्या घोळक्यात सरळ मांडी घालून बसले. कुणीतरी फिस्सकन हसलं.

“ह्यो काय तमाशा?” विहीणबाई म्हणाल्या. “उठा. मान्सं बघतात.”

व्याही उठले नाहीत. त्यांनी पिक काढली नाही. नखांनीच पहिली ओळ उचलली. हळू, एकेक सूर, मध्ये एक चुकलेला. ओळ संपली. ते थांबले आणि बायकोकडे न बघता जात्याकडे बघत राहिले. त्यांनी तीच ओळ परत वाजवली. परत थांबले. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. बारा मजल्यांवर बसून हा माणूस कधी घामाघूम झाला नसेल. माझ्या शेजारी आमची ही ओठ घट्ट मिटून बसली होती, कारण ओठ उघडले असते तर तिनेच गायला सुरुवात केली असती. व्याह्यांनी तिसऱ्यांदा तीच ओळ घेतली आणि पुन्हा तोच सूर चुकला.

“तसा नाय वो!” विहीणबाई कडाडल्या. “ती तिथं थांबायची नाय, तिथनं खाली यायची. इतक्या वर्सात तुमच्या कानात शिरला नाय काय?” आणि कसं खाली यायचं ते दाखवायला त्यांनी ती ओळ म्हटली.

बारीक, कोरडा, चार वर्षं न वापरलेला आवाज होता तो. ओळ संपली आणि व्याह्यांनी ती मागून उचलली. बरोबर खाली आले. विहीणबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, हातातला नारळ जमिनीवर ठेवला आणि दुसरी ओळ घेतली. ती त्यांनी उचलली. मग तिसरी. कुणाच्या तरी हाताखाली जातं फिरायला लागलं, पिवळी पूड कडेने सांडू लागली. चार ओळी संपल्यावर व्याह्यांचं शिक्षण संपत होतं, पण त्याच चालीवर पुढची कडवी होती, तेव्हा ते चार ओळींवर सगळा धवला ओढत गेले. दोनदा घसरले, एकदा पुढे पळाले. विहीणबाईंनी दर वेळी त्यांना हाताने ‘थांबा’ अशी खूण केली आणि ते थांबले.

गाणं संपलं तेव्हा नवरीची आई रडत होती आणि बायका “आजून एक, मामी, आजून एक” म्हणत होत्या. विहीणबाईंनी जात्यात हळदीची मूठ घातली. मग त्यांनी दुसरंच काही सुरू केलं, संथ, लांबवलेलं. व्याह्यांनी गिटार मांडीवरून उतरवून बाजूला चटईवर ठेवली. मला वाटलं, चाल येत नसेल. मी वाकून विचारलं.

“येते,” ते हळूच म्हणाले. “पन ह्यो बायचा हाय. ह्याच्यात बाय पुढं असायची, ही मागं. हिनं कधी पुढं म्हटलाच नाय.”

त्या ओळी मागून नवरीच्या आईने उचलल्या. तिला अर्धे शब्द येत होते, उरलेले ती नुसत्या सुराने भरत होती. असं तीन कडव्यांपर्यंत चाललं. चौथ्या कडव्याशी विहीणबाईंनी तोंड उघडलं आणि तशाच राहिल्या. त्यांनी आठवून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं, शेजारच्या म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीने मान हलवली. ते कडवं कायम एकटी बायच म्हणायची, आणि ते दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. जातं थांबलं. साऊंडवालासुद्धा हातात वायर धरून उभा होता.

व्याह्यांनी बायकोच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “हाय तेवढा बस झाला. तू परत पयल्यापासना म्हन.”

आणि विहीणबाईंनी परत पहिल्यापासून सुरू केलं.